शंभरची आणि दोनशेऐंशीची : दापोलीतल्या एका घरातल्या दोन बॅटऱ्यांचं प्रकरण

रात्रीचे पावणेअकरा. घरात मिट्ट काळोख, आणि कोठीच्या खोलीत जमिनीवर ठेवलेल्या बॅटरीच्या छोट्या पडद्यावर निळसर उजेडात आकडा : ५८ टक्के. काकूंनी त्याचा फोटो काढून मला पाठवला आणि खाली एकच ओळ लिहिली, "एवढी शिल्लक असताना घर अंधारात का?"

हे घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. जांभ्याच्या दीड फुटी भिंती, पुढे पडवी, मागे नारळी-पोफळीची वाडी, आणि वाडीच्या कडेला पाहुण्यांसाठी बांधलेल्या दोन खोल्या. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरजवळ किनाऱ्याला धडकलं, तेव्हा दापोली-मंडणगड पट्ट्यात खांब आडवे झाले आणि गावंच्या गावं कित्येक दिवस विजेविना राहिली. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याकिनाऱ्याने वर गेलं. त्यानंतर काकांनी ठरवलं की आता दिव्यांसाठी महावितरणच्या भरवशावर राहायचं नाही. २०२१ मध्ये मीच तिथे ५ केव्हीएचा हायब्रिड इन्व्हर्टर, साडेपाचशे वॅटचे सहा सौर पॅनेल आणि एक लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी बसवली : १६ सेल, ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर. म्हणजे साधारण पाच युनिट.

पाहुण्यांच्या खोलीत एसी आला आणि पाच युनिट पुरेनात. २०२४ च्या उन्हाळ्यात काकांनी दुसऱ्या कंपनीची २८० अँपिअर-अवरची बॅटरी आणली. सव्वाचौदा युनिटची, वजन शंभर किलोच्या वर. ती जिन्याखाली, जिथे इन्व्हर्टर आणि लहान बॅटरी भिंतीला लावलेली आहे, तिथे मावेना. म्हणून शेजारच्या कोठीच्या खोलीत ठेवली, आणि जवळच्या वायरमनने भिंतीत आधीपासून असलेल्या भोकातून केबल वळवून आणून लहान बॅटरीच्या शेजारी, त्याच बसबारवर, म्हणजे सगळ्या केबल एकत्र येतात त्या तांब्याच्या पट्टीवर, जोडली. दोन्ही ५१.२ व्होल्टच्या, त्यामुळे पॅरलल जोडणी (प्लसला प्लस, मायनसला मायनस) तत्त्वतः बरोबरच होती.

हिशेबाने आता एकोणीस युनिट हाताशी हवे होते. दोन किलोवॅटचा भार धरला तरी नऊ तास. ऑक्टोबरच्या त्या विजांच्या संध्याकाळी आठला वीज गेली, एसी, दोन फ्रिज, पंखे चालू होते, आणि पावणेतीन तासांत सगळं बंद पडलं.

काकांनी फोनवर पहिली मागणी केली ती ही : "मोठीतला चार्ज लहानीत ओतून दोन्ही सारख्या करायचं एखादं यंत्र मिळतं ना? दुकानदार अ‍ॅक्टिव्ह बॅलन्सर म्हणत होता." मी त्यांना म्हटलं, काका, घेऊ नका, मी येतो.

इथे थोडं थांबतो, कारण हा गोंधळ मला जवळजवळ प्रत्येक घरात भेटतो. बॅलन्सिंग हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींना वापरला जातो. बॅटरीच्या पोटात सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेले सोळा सेल एकमेकांच्या बरोबरीला आणणं, हे एक. ते काम बॅटरीतली बीएमएस करते, म्हणजे सेलवर नजर ठेवणारं आणि गडबड दिसली की बॅटरी तोडणारं सर्किट, आणि अ‍ॅक्टिव्ह बॅलन्सर हा त्याच कामाचा. दुसरं, १२ व्होल्टच्या दोन किंवा चार बॅटऱ्या सिरीजमध्ये असतील तर त्यांच्यातला फरक काढणं. आणि तिसरं, पॅरललमध्ये असलेल्या दोन पूर्ण बॅटऱ्यांनी भार आपापल्या कुवतीप्रमाणे उचलणं. तिसऱ्या कामाला कुठलंच यंत्र लागत नाही. गच्चीवर एक हजार लिटरची आणि एक अडीच हजार लिटरची टाकी तळाशी पाइपने जोडली की पाण्याची पातळी आपोआप एक होते. व्होल्टेज ही ती पातळी. पाणी नीट वाहत नसेल तर तिसरी वस्तू आणून जोडायची नाही, पाइप बघायचा.

सिरीजचं मात्र उलटं आहे, आणि आपल्याकडे चोवीस व्होल्टच्या इन्व्हर्टरवर १५०ची जुनी ट्युब्युलर (पाणी घालायची लेड-अ‍ॅसिड बॅटरी) आणि २००ची नवी अशी जोडी सर्रास लावतात म्हणून सांगतो. सिरीजमध्ये दोघींतून तोच करंट जातो. लहान आधी रिकामी होते आणि तरीही ओढली जाते. चार्जिंगला आधी भरते आणि तरीही तिच्यात ढकललं जातं. वर्षभरात तिचं पाणी आटतं, प्लेट खराब होतात. वेगळ्या क्षमतेच्या बॅटऱ्या सिरीजमध्ये नकोतच. पॅरललमध्ये चालतात, फक्त जोडणी नीट हवी.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचलो. लहान बॅटरी ८८ टक्के दाखवत होती, मोठी ७६. पॅनेलचा स्विच बंद केला, महावितरणची लाइनही बंद केली, आणि काकूंना म्हटलं गीझर, इंडक्शन आणि इस्त्री एकदम लावा. बॅटऱ्यांवर साठ अँपिअरचा भार आला. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर आधी एका केबलवर धरला, मग दुसऱ्या.

लहानीतून ३१ अँपिअर. मोठीतून २९.

क्षमतेच्या प्रमाणात लहानीने सोळाच्या आसपास द्यायला हवे होते, मोठीने चव्वेचाळीस. इथे मोठी बैलजोडी आणि लहान वासरू यांच्या मानेवर सारखंच जू होतं. करंट कसा वाटला जातो हे बॅटरीवर लिहिलेल्या अँपिअर-अवरवर ठरत नाही, वाटेतल्या रोधावर ठरतं. मोठ्या सेलचा आतला रोध कमी असतो, म्हणून ती आपसूक जास्त देते. पण तिच्या बाहेरच्या वाटेवरच रोध वाढवून ठेवला, तर तिचा तो गुण वाया जातो.

मग मल्टिमीटरने वाट तपासली. मोठ्या बॅटरीच्या प्लस टर्मिनलपासून बसबारपर्यंत ०.२२ व्होल्ट गळत होते, मायनसच्या बाजूने ०.०८. एकूण ०.३० व्होल्ट. लहानीच्या दोन्ही बाजू मिळून जेमतेम ०.०४. तीस अँपिअरला ०.३ व्होल्ट म्हणजे सुमारे दहा मिलिओहम. ऐकायला काहीच नाही. पण मोठ्या बॅटरीचा आतला सगळा रोध आठ-नऊ मिलिओहमच्या घरात असतो. म्हणजे बाहेरची वाट बॅटरीपेक्षा जड झाली होती.

प्लसचे ०.२२ व्होल्ट कुठे जातात ते एकेक सांधा धरून शोधलं. अडीच मीटरच्या १६ चौरस मिलिमीटर केबलमध्ये ०.०८. मधल्या ब्रेकरमध्ये ०.०४, आणि तो ब्रेकर साध्या घरगुती एसी विजेचा, म्हणजे अल्टरनेटिंग करंटचा. उरलेले ०.१० एकट्या थिंबलमध्ये, म्हणजे केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कानात. त्याला बोट लावलं तर कोमट. पाना घालून काढलं. थिंबल पकडीने दाबून चपटं केलेलं, तारांचा अर्धा गुच्छ सैल, आणि खाऱ्या वाऱ्याने तांब्यावर हिरवट पूड धरलेली. मी ते काकूंच्या हातात दिलं. त्यांनी पदराने पुसून पाहिलं, पूड निघाली, आतलं तांबं काळपट. "हे एवढंसं?" त्या म्हणाल्या. हो, तीस अँपिअरला तीन वॅटची उष्णता आणि साठला बारा, तेही एका सांध्यात.

एसीच्या ब्रेकरबद्दल मला आवाज चढवूनच सांगावंसं वाटतं. एसीत करंट दर सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, तेव्हा उघडलेल्या संपर्कातली ठिणगी विझते. डीसीत तो शून्यावर येतच नाही. दोष झाला, ब्रेकर पडला, तरी आत ठिणगी जळत राहू शकते. लाकडी माळ्याच्या घरात हे चालवून घेण्यासारखं नाही.

पण नुसत्या वाटेच्या रोधाने ती रात्र अंधारात गेली असती असं मला पटेना. लिथियम फेरो फॉस्फेटची गंमत अशी की मधल्या पट्ट्यात व्होल्टेज जवळजवळ सपाट असतं. चाळीस आणि साठ टक्क्यांमध्ये सोळा सेलच्या बॅटरीला मिळून दोन-तीन दशांश व्होल्टचाच फरक. त्यामुळे लहान बॅटरी पुढे पळाली तरी तिला मागे खेचणारा जोर मधल्या पट्ट्यात कमी पडतो. पण एकदा ती उताराला लागली, तिचं व्होल्टेज पडायला लागलं, की मोठी आपोआप जास्त भार घेते. लहानी पूर्ण रिकामी आणि मोठी अर्धी भरलेली, असं पॅरललमध्ये सहसा होत नाही. मग घर बंद का पडलं?

उत्तर जिन्याखालीच होतं, आणि ते माझ्याच हातचं होतं. २०२१ मध्ये लहान बॅटरीच्या बीएमएसपासून इन्व्हर्टरला मी संदेशांची केबल लावली होती, म्हणजे बॅटरी किती भरली हे इन्व्हर्टरला बॅटरीच सांगेल. आणि आयुष्य वाढावं म्हणून कटऑफ, म्हणजे जिथे इन्व्हर्टर बॅटरी वापरणं थांबवतो तो आकडा, ४० टक्क्यांवर भरला होता. मोठी बॅटरी आली तेव्हा ती केबल कुणी हलवली नाही, कटऑफ कुणी बदलला नाही. इन्व्हर्टरच्या लेखी घरात अजून एकच बॅटरी होती. लहानी ४० वर आली की तो म्हणे संपलं. मोठी ५८ वर आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं.

सकाळीही तेच. पॅनेलचा करंट दोघींत सारखा वाटला जायचा, त्यामुळे लहानी आधी भरायची. तिच्यातला अकरावा सेल बाकीच्यांच्या पुढे होता : तो ३.६५ व्होल्टला टेकायचा तेव्हा बाकीचे ३.४२ च्या आसपास असायचे. बीएमएस इन्व्हर्टरला सांगायची, चार्जिंग थांबव. इन्व्हर्टर सगळंच थांबवायचा. मोठी बिचारी पाऊणच भरलेली, दिवसेंदिवस. पाच महिन्यांत ती एकदाही शंभराला पोहोचली नव्हती.

म्हणून तिच्या पडद्यावरच्या ५८ वरही माझा विश्वास नव्हता. बीएमएस टक्के मोजते ती आत-बाहेर गेलेला करंट बेरीज-वजाबाकी करून. अगदी बारीक करंट तिच्या नजरेतून सुटतो, आणि ही चूक साचत जाते. ती धुऊन निघते फक्त बॅटरी खरोखर पूर्ण भरली की. दोन बॅटऱ्यांचे टक्के जुळत नाहीत म्हणून लोक हैराण होतात, तेव्हा मी आधी हेच विचारतो, शेवटची पूर्ण कधी भरली होती?

दुरुस्ती सुरू केली ती दोघींना वेगळं करून. लहानी एकटी पूर्ण भरली आणि कटऑफ खाली घेऊन एकटी रिकामी केली : ४.६ युनिट निघाले. म्हणजे शंभरची आता नव्वदची झाली आहे. साडेतीन वर्षांत एवढं उतरणं मला वावगं वाटलं नाही. मोठी महावितरणच्या विजेवर पूर्ण भरली. पडदा ९१ दाखवत होता आणि एकदम १०० वर उडी मारली. नऊ टक्क्यांची चूक साचलेली होती.

पुन्हा जोडताना दोन्हींचं व्होल्टेज जुळवणं हा भाग घाईत करायचा नाही. दोघींच्या वाटेत मिळून तीसएक मिलिओहमच रोध असतो. एक व्होल्टचा फरक राहिला तरी जोडल्या क्षणी तीस-पस्तीस अँपिअर एकीतून दुसरीत धावतात. एक भरून ५६ ला आणि दुसरी ५२ ला असेल तर सव्वाशेच्या वर. ठिणगी उडते, बीएमएस पडते, क्वचित निकामी होते. आम्ही दोन्ही पूर्ण भरून, दोन तास तशाच ठेवून, ०.१ व्होल्टच्या आत फरक आल्यावर जोडल्या.

केबलचा प्रश्न गवंड्याने सोडवला. मोठी बॅटरी कोठीच्या खोलीतच ठेवली, पण सरकवून बरोबर जिन्याच्या मागच्या भिंतीला आणली आणि जांभ्यात नवं भोक पाडलं. अडीच मीटरची वाट एक मीटरवर आली. केबल ३५ चौरस मिलिमीटरची, कलई केलेली थिंबलं हायड्रॉलिक क्रिंपिंग टूलने दाबलेली, वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी), सांध्यावर गंजरोधक ग्रीस, बोल्ट टॉर्क पान्याने. किनाऱ्यावर ही ग्रीस न लावणं म्हणजे पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा तेच. प्रत्येक बॅटरीला स्वतःचा डीसी ब्रेकर आणि स्वतःचा फ्यूज.

पुन्हा गीझर, इंडक्शन, इस्त्री. मोठी ३८, लहानी २२. मोठीच्या वाटेत आता ०.०७ व्होल्ट.

काकांनी विचारलं, चव्वेचाळीस-सोळा का नाही? प्रश्न रास्त होता. लहानीच्या वाटेत मुद्दाम बारीक केबल घालून नऊ मिलिओहम वाढवले असते तर कागदावर ते प्रमाण आलं असतं. मी नाही म्हणालो. मुद्दाम निर्माण केलेला रोध म्हणजे मुद्दाम ठेवलेला गरम सांधा, आणि लहानी म्हातारी होईल तसं ते गणित दरवर्षी चुकत जाणार. ३८-२२ पुरेसं आहे. उरलेला फरक बॅटऱ्या स्वतः काढतात, विशेषतः मध्यरात्रीनंतर भार दहा अँपिअरवर आला की.

इन्व्हर्टरची संदेश-केबल काढून टाकली. मोठीची लावावी का, हा विचार केला होता. त्याने निम्मं काम झालं असतं, कारण मोठीच शेवटी भरते. पण मग लहानीचा सेल वर चढला तर कुणाला कळणार नाही, आणि मोठी काही कारणाने सुटली तर इन्व्हर्टर लहानी जिवंत असूनही बसून राहील. दोन वेगळ्या कंपन्यांच्या बीएमएस एकमेकींशी बोलत नाहीत, तिथे एकीलाच तोंड देण्यापेक्षा कुणालाच न देणं मला बरं वाटतं. इन्व्हर्टर आता फक्त व्होल्टेज बघतो : चार्जिंगला ५५.२ व्होल्टवर दीड तास धरायचं, नंतर ५३.६ वर ठेवायचं, आणि वापरताना ५०.४ ला थांबायचं. बरेच जण वर ५७ पर्यंत नेतात. संदेश नसताना तेवढं ताणायची गरज नाही. ५५.२ म्हणजे सेलला ३.४५. तेवढ्यात बॅटरी भरते, आणि दीड तास धरल्यामुळे लहानी आधी भरली तरी तिचा करंट ओसरतो नि उरलेला मोठीकडे जातो. मागे थांबलेलीला पोहोचायला वेळ मिळतो, एवढंच त्याचं काम.

चार्जिंगचा करंट ५० अँपिअरवर बांधला. कारण साधं आहे : एखाद्या दुपारी मोठीची बीएमएस सुटली तर सगळा करंट लहानीवर येईल, आणि तिची मर्यादा ५० आहे. दोन बॅटऱ्यांची बेरीज करून मर्यादा ठरवू नये, एकटी उरली तर काय, यावर ठरवावी. त्याच कारणाने विहिरीवरचा पंप बॅटरीवर चालणाऱ्या बोर्डवरून काढून थेट लाइनवर टाकला. काकांना ते आवडलं नाही, वाडीला पाणी सकाळीच लागतं. पण पंप सुरू होतानाचा झटका एकट्या लहानीवर येऊ द्यायला मी तयार नव्हतो.

सामाईक मायनसवर ५०० अँपिअरचा शंट (जाणारा-येणारा सगळा करंट मोजणारी पट्टी) आणि त्याचा मीटर लावला, क्षमता ३७० भरली. घरच्यांनी हा एकच आकडा बघायचा. दोन पडद्यांवरचे दोन आकडे माझ्यासाठी.

अकराव्या सेलला मात्र वेळ लागला. लहानीतली बीएमएस वर चढलेल्या सेलमधून फार थोडा करंट जाळते, अँपिअरचा दहावा हिस्सा. तीन अँपिअर-अवरचा फरक काढायला तीस तास लागतात, आणि ते काम बॅटरी जवळजवळ भरलेली असतानाच होतं. दिवसाचे दीड-दोन तास धरले तर तीन आठवडे उन्हाचे हवेत. ऑक्टोबरने ते दिले.

काकांचा शेवटचा प्रश्न जुन्या चार ट्युब्युलर बॅटऱ्यांबद्दल होता, माळ्यावर पडून आहेत, त्याही याच बसबारवर लावू का. नको. भरलेली लेड-अ‍ॅसिडची चौकडी ५१ व्होल्टला विसावते, आपल्या बॅटऱ्या बहुतेक वेळ त्याच्या वर असतात. ट्युब्युलर रात्रभर काही देणार नाहीत, उलट लिथियमकडून थोडं थोडं खात राहतील. त्या पडवीतल्या दिव्यांसाठी वेगळ्या छोट्या इन्व्हर्टरवर लावल्या.

एक गोष्ट अजून अर्धवट आहे. पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन नसतं, बॅटऱ्या पूर्ण भरत नाहीत आणि टक्के पुन्हा भरकटायला लागतात. त्यासाठी जून ते सप्टेंबर दर दुसऱ्या रविवारी लाइनच्या विजेवर दोन्ही पूर्ण भरायच्या, असं काकूंच्या कॅलेंडरवर लिहून आलो आहे. वीज असेल तर.

जूनमधल्या पहिल्या वादळी रात्री संध्याकाळी आठला लाइन गेली ती सकाळपर्यंत आली नाही. खोलीत पाहुणे होते, एसी चालू होता. काकूंनी अकरा वाजता दोन्ही पडद्यांचे आकडे पाठवले : लहान ६१, मोठी ७३. पहाटे सहाला पुन्हा पाठवले : ४७ आणि ५३.